सव्वादहा बाय अकरातला मार्शल

आईचं म्हणणं, आवाज बारीक केला तरी डोकं दुखतं. माझं म्हणणं, आवाज बारीक आहे म्हणूनच तो असा लागतो. जूनपासून आमच्या घरात हा वाद चालू होता आणि त्यात दोन्ही पक्ष बरोबर आहेत हे कळायला दसरा उजाडला.

वादाचं कारण एक काळा खोका. भाचा शिकायला जर्मनीला गेला. गिटार बरोबर नेली आणि अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडे ठेवला. बारा-तेरा किलोचं ओझं विमानातून कोण नेणार! "मामा, पडून राहण्यापेक्षा तू वाजव," म्हणाला. माझी कॉलेजच्या गॅदरिंगमधली गिटार माळ्यावर होतीच. ती खाली काढली, तारा बदलल्या, खोक्यात पिन खुपसली. पुढच्या पट्टीवर एक गोल बटण: क्लीन, क्रंच, अमेरिकन, ब्रिटिश, मॉडर्न. कॅसेट घासून घासून रॉक ऐकलेल्या माणसाला यातल्या 'ब्रिटिश'चा अर्थ सांगावा लागत नाही. ब्रिटिश म्हणजे मार्शल. बटण तिथं नेलं, तार छेडली, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आवाज आला.

भाच्याला फोन केला तर तो हसला. "फॅक्टरी प्रिसेट कोण वापरतं, मामा? टोन बनवावा लागतो."

टोन बनवावा लागतो, हे वाक्य मी पुढे बऱ्याच ठिकाणी ऐकलं. डोंबिवलीत घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या एका मुलाकडून, तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून, आणि अगदी निराळ्या शब्दांत मिरजेत. पण तो मार्शल मुळात या खोक्यात शिरला कसा, ते आधी सांगायला हवं.

*

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल नावाचं उपनगर आहे. तिथं जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. ड्रमवाल्यांच्या मागून गिटारवाली पोरं येऊ लागली. त्यांना अमेरिकन फेंडरचे अ‍ॅम्प हवे असत आणि ते परवडत नसत. दुकानात दुरुस्तीचं काम बघणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा एक तरुण यांनी फेंडरचा 'बासमन' समोर ठेवून, इंग्लंडात मिळतील ते सुटे भाग घालून आपला अ‍ॅम्प बांधला. साल १९६२. नाव जेटीएम-४५. नक्कल करायला गेले आणि भलतंच काही हाती लागलं. भाग वेगळे, स्पीकर वेगळे, त्यामुळे आवाज वेगळा.

चार वर्षांनी, १९६६ साली, एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर डेक्काच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या स्टुडिओत गेला तो मार्शलचा दोन स्पीकरवाला कॉम्बो घेऊन. (त्या कॉम्बोचा मॉडेल क्रमांक १९६२. तो सालाशी जोडून कितीतरी शहाण्यांनी घोळ घातले आहेत.) क्लॅप्टननं हट्ट धरला, की मी मंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्यानं वाजवणार आणि माइक लांब ठेवायचा. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हे शास्त्राला सोडून वाटलं, पण तो ऐकेना. त्या रेकॉर्डवर जो जाड, मधाळ, फाटता फाटता गाणारा आवाज उमटला, त्याच्या मागे जग पुढची साठ वर्षं लागलं आहे. भाच्याच्या खोक्यावरचा 'ब्रिटिश' हा शब्द त्याच घराण्यातला.

म्हणजे आपण ज्याला मार्शलचा आवाज म्हणतो त्यात तापलेले व्हॉल्व्ह आहेत, धापा टाकणारा स्पीकर आहे, मोठी खोली आहे आणि दूर उभा माइक आहे. यातलं एकही माझ्या खोलीत नाही.

या सगळ्याचं गणित करून ते एका चिपमध्ये बसवायचं, म्हणजे मॉडेलिंग. व्हॉल्व्ह किती दाबाला किती वाकतो, टोनची बटणं एकमेकांत कशी गुंततात, ट्रान्सफॉर्मर कुठे दमतो, हे सगळं समीकरणांत. मार्कस रायल आणि मिशेल द्वाडिक हे सिंथेसायझरच्या धंद्यातून आलेले दोन इंजिनिअर. त्यांच्या लाइन ६ या कंपनीनं १९९६ मध्ये असा पहिला गिटार-अ‍ॅम्प बाजारात आणला आणि १९९८ मध्ये राजम्याच्या दाण्यासारखा लाल 'पॉड'. पुढे २०११ साली केम्पर या जर्मन यंत्रानं खऱ्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक आवाज सोडून त्याचा ठसा घेण्याची युक्ती काढली. आता स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन या माणसानं लिहिलेली 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' ही प्रणाली फुकट मिळते आणि तिनं घेतलेले ठसे ऐकून भल्याभल्यांना खरा कुठला, खोटा कुठला सांगता येत नाही. थोडक्यात, यंत्र कमी पडतंय ही सबब आता उरलेली नाही. मग गांधीलमाशी कुठून येते?

*

या प्रश्नाचं पहिलं उत्तर १९३३ सालचं आहे, आणि त्याचा गिटारशी काही संबंध नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसांना हेडफोन लावून बसवलं आणि वेगवेगळ्या उंचीचे सूर किती मोठे केले म्हणजे सारखे ऐकू येतात ते मोजलं. निष्कर्ष असा, की आपला कान पक्षपाती आहे. मधले सूर त्याला लगेच ऐकू येतात, खालच्या सुरांना तो बहिरा. आणि आवाज जितका बारीक तितका हा पक्षपात जास्त. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. घरातल्या बेताच्या आवाजात तिचा मूळ सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका ऐकू यायचा, तर त्याला वीसहून अधिक डेसिबलची भर द्यावी लागते. आवाज वाढवत नेला की ही तफावत आपोआप कमी होते.

मंचावरच्या आवाजाला जुळवलेला टोन घरात बारीक केला, की त्याचा पाया निघून जातो आणि वर नुसती चरचर राहते. आमच्याकडे तेच होत होतं. खोका मार्शलची नक्कल चोख करत होता, पण ओरडणाऱ्या मार्शलची; आणि मी त्याला कुजबुजायला सांगत होतो.

उपाय म्हणून सगळे जे करतात ते मीही केलं. बास वाढवला, ट्रेबल वाढवली, मधले सूर खाली ओढले. एकट्यानं वाजवताना हे पंधरा मिनिटं फार भव्य वाटतं. मग डोंबिवलीच्या मुलाकडे तो प्रिसेट घेऊन गेलो. घरातलं कपड्यांचं कपाट रिकामं करून त्यानं त्याचा स्टुडिओ केलाय. त्यानं ड्रम आणि बासच्या ट्रॅकबरोबर माझी गिटार लावली, आणि ती ऐकूच येईना! खाली बास गिटारनं जागा घेतली होती, वर झांजांनी, आणि मधली जागा मी स्वतःच मोकळी करून दिली होती. "काका, गिटार मध्यातच राहते," तो म्हणाला. "मिड्स काढून टाकल्या म्हणजे घरमालकानंच घर सोडलं."

त्यानं तीन बदल केले. गेन जवळजवळ निम्मा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं बंद. ५००० च्या वरचं हळूहळू उतरतं. शेवटच्या बदलामागे एक साधं कारण आहे: गिटारच्या स्पीकरला ट्विटर नसतो. बारा इंची कागदी कोन पाच हजारांच्या पुढे फारसा बोलतच नाही, आणि सत्तर वर्षं गिटारचा जो आवाज आपण ऐकला तो या अपंगत्वासकट. ते अपंगत्व काढून घेतलं की माश्या घोंघावू लागतात.

यातच माझा एक गाढवपणा उघडा पडला. भाच्यानं अ‍ॅपवरून एक 'कॅबिनेट' निवडून ठेवलं होतं. कॅबिनेट म्हणजे खोक्याचा आणि माइकचा गणिती ठसा, इम्पल्स रिस्पॉन्स. ४८ हजारांच्या सॅम्पलिंगवर २०४८ नमुन्यांचा असेल तर जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा. हेडफोनवर किंवा साध्या म्युझिक सिस्टिमवर ऐकायचं असेल तर तो लागतोच. पण माझ्या खोक्यात खराखुरा गिटार-स्पीकर आहे. ठशातला स्पीकर आणि वर हा, म्हणजे मे महिन्यात एकावर एक दोन रजया. मधला घुसमटलेला 'डब्बा' आवाज त्याचाच होता. मी मात्र तीन आठवडे ट्रेबल वाढवून त्याच्याशी भांडत होतो. ठसा बंद केला. निम्मं मळभ गेलं.

गेनबद्दल एक सांगतो, कारण यात जवळजवळ प्रत्येक जण फसतो. एकट्यानं, बारीक आवाजात वाजवताना तार लवकर विझल्यासारखी वाटते. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारेला परत ढकलते, तार गात राहते. घरात ती मदत नाही. तिची भरपाई आपण गेन वाढवून करतो. आणि गेन वाढला की बोटांचा फरक पुसला जातो, हळू छेडा की जोरात, सगळं एकाच जाडीचं. जुन्या रेकॉर्ड मन लावून ऐकल्या तर लक्षात येतं, की आपल्याला वाटतो त्याच्या निम्माही गेन त्यांवर नाही. क्लॅप्टनच्या त्या रेकॉर्डवर तर नक्कीच नाही.

*

घरात वाजवणाऱ्यांच्या गोत्राचा मूळपुरुष कोण असं विचारलं, तर मी टॉम शोल्झचं नाव घेईन. एमआयटीत शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, पोलरॉइड कंपनीत नोकरी, आणि संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या घराच्या तळघरात एकट्यानं रेकॉर्डिंग. 'बॉस्टन' या बँडची १९७६ सालची पहिली रेकॉर्ड बहुतांश त्या तळघरातून आली आणि एकट्या अमेरिकेत तिच्या पावणेदोन कोटींच्या आसपास प्रती गेल्या. शोल्झची अडचण माझीच होती: मार्शल पूर्ण उघडल्याशिवाय गात नाही आणि उघडला की घर हलतं. त्यानं अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये जाडजूड रेझिस्टरांचा एक डबा बसवला. वीज त्यात जळायची, उरलेली चिमूटभर स्पीकरला. अ‍ॅम्पला वाटे आपण मैदानात आहोत, स्पीकर दिवाणखान्यात. 'पॉवर सोक' म्हणून तो डबा त्यानं विकायला काढला. नंतर १९८२ मध्ये 'रॉकमन', कमरपट्ट्याला लावायचं, हेडफोनवर ऐकायचं यंत्र. आजच्या मॉडेलिंग अ‍ॅम्पवर 'अर्धा वॉट' असं जे बटण असतं, ते याच विचाराच्या वंशातलं.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मात्र अर्ध्या वॉटलाही हरकत घेत. आता गंमत पाहा. आमच्या गल्लीत विसर्जनाला बेंजो येतो. बेंजो म्हणजे विलायती बँजो नव्हे. टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचा बुलबुलतरंग. त्याला पिकअप लावून, अ‍ॅम्प्लिफायर पार शेवटपर्यंत पिळून, टेम्पोवरच्या भोंग्यांतून सोडतात. तो आवाज शंभर टक्के डिस्टॉर्शन आहे. फाटका, लांबत जाणारा, बोटाच्या हिसक्यासरशी रडणारा. काका त्यासमोर नाचतात. मी त्यांना एकदा म्हटलंही, की काका, तांत्रिकदृष्ट्या मी तेच वाजवतोय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढून वर आलो.

*

आता दिवाणाची गोष्ट. ज्या दिवशी वाद मिटला तो दिवस.

मी पलंगाच्या कडेला बसून वाजवायचो. खोका जमिनीवर, भिंतीला टेकून, माझ्या पोटऱ्यांकडे तोंड करून. आई समोरच्या बुटक्या दिवाणावर तक्क्याला टेकून पेपर वाचायची. एकदा फोन आला म्हणून मी गिटार लूपवर वाजती ठेवून पलीकडे गेलो आणि दिवाणावर बसलो. कानात कोणी सुई घातल्यासारखं झालं.

स्पीकरच्या बाबतीत ही जुनी गोष्ट आहे. लांबट लहरी सगळीकडे पसरतात, आखूड लहरी पसरत नाहीत. बारा इंची कोन हजार-दीड हजार हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा झोत टाकू लागतो. सूर जितका वरचा तितका झोत अरुंद. माझ्या खोक्याचा झोत माझ्या पोटऱ्यांवरून जाऊन थेट दिवाणावर, आईच्या कानावर पडत होता. मला वर नुसता बोथट आवाज ऐकू येई, म्हणून मी ट्रेबल वाढवी. मी वाढवलेली सगळी ट्रेबल आई ऐकत होती. पोटऱ्यांना कान नसतात, असं कोणीतरी कुठे म्हटलंय ते उगाच नाही.

खोका प्लास्टिकच्या स्टुलावर चढवला, मागून एक जुना शब्दकोश खाली सरकवून तोंड वर केलं. आता झोत माझ्या कानावर. पाच मिनिटांत मी ट्रेबल आठवरून चारवर आणली. आई म्हणाली, "आज निराळं वाजवतोयस का?" वाजवत तेच होतो.

स्टुलाचा दुसरा फायदा असा, की जमीन आणि भिंत दोन्ही सुटल्या. कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा बास फुगतो, कारण मागं आणि खाली जाणारा आवाजही पुढेच परततो. पण तरी एक दुखणं राहिलंच. ए ची मोकळी तार, ११० हर्ट्झची, छेडली की अख्खी खोली 'भुंम्' करायची आणि खिडकीचं तावदान थरथरायचं. शेजारच्या सुरांना तसं काही नाही. मी आधी गिटारला दोष दिला, मग खोक्याच्या मागच्या फळीचे स्क्रू आवळले, हँडलखाली फोमची टेप लावली. तावदानाच्या फटीत घडी केलेला कागद खोचला. थरथर थांबली, भुंम् तसंच.

शेवटी मोजपट्टी काढली. खोली सव्वादहा फूट बाय अकरा फूट, उंची साडेनऊ. दोन समांतर भिंतींमध्ये ज्या लहरी बरोबर बसतात त्या तिथं मुक्काम करतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर सव्वादहा फुटांत, म्हणजे सुमारे ३.१२ मीटरमध्ये, पहिली लहर ५५ हर्ट्झची. गिटार तेवढी खाली जातच नाही. पण दुसरी त्याच्या दुप्पट, ११० ची. म्हणजे माझ्या खोलीची एक भिंत ते दुसरी भिंत हे अंतर गिटारच्या ए च्या तारेला अचूक जुळवून बांधलेलं आहे. बिल्डरचा तसा हेतू नसावा.

याला पुस्तकी उपाय जाड, छताला भिडणारे शोषक. ते करायला गेलो तर खोलीत फक्त शोषक राहतील. पडदा, भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या, पुस्तकांची मांडणी यांनी वरची किणकिण चांगली मेली. फरशीची आणि सिमेंटच्या भिंतींची खोली त्यानं बरीच माणसाळली. पण ११० हर्ट्झची लहर तीन मीटरहून लांब असते, गोधडीला ती दिसतही नाही. तिच्यापासून फक्त अंग चोरता येतं. त्या लहरीचा दाब भिंतीशी आणि खोलीच्या मधोमध जास्त, आणि लांबीच्या पाव अंतरावर जवळजवळ शून्य. सव्वादहाचा पाव म्हणजे अडीच फूट आणि वर थोडं. स्टूल भिंतीपासून तेवढं पुढं ओढलं. भुंम् निम्म्याच्या खाली आलं. उरलेल्यासाठी अ‍ॅपमधल्या इक्वलायझरवर ११० ला चार डेसिबलची खोच मारली.

*

तपकीर गल्लीत गेलो ते स्पीकर बदलायला. सगळेच सांगत होते, की कंपनी स्वस्तातला स्पीकर घालते, सेलेशन टाक. दुरुस्तीवाल्यानं पाठ उघडली, आतला स्पीकर बोटानं ढकलून पाहिला आणि विचारलं, "घरी वाजवता ना? किती मोठ्यानं?" मी अर्धा वॉट म्हटल्यावर त्यानं पाठ परत लावायला घेतली. ग्रीनबॅक घ्या २५ वॉटचा, ९८ डेसिबल. व्हिंटेज ३० घ्या ६० वॉटचा, १०० डेसिबल. त्याचा मुद्दा असा, की हे स्पीकर दाबल्यावर रंग दाखवतात; अर्ध्या वॉटला त्यांचे पैसे वसूल होत नाहीत. आणि ओहम न बघता बदलाल तर अ‍ॅम्पच घेऊन परत याल. धंदा नाकारणारा माणूस विरळा, म्हणून मी त्याला माझं दुसरं गाऱ्हाणं सांगितलं: गुणगुण.

"प्लगला अर्थिंग आहे?"

तीन भोकं आहेत, म्हटलं.

"भोकं असतातच. मागं वायर आहे का?"

नव्हती. आमची इमारत १९७० च्या सुमाराची. फ्रीज-गीझरच्या मोठ्या पॉइंटला अर्थ होता, खोलीतल्या पाच अँपिअरच्या प्लगमध्ये तिसरं भोक शोभेचं. अर्थ नसला की नुसती गुणगुण वाढत नाही. आजकालच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे जे कपॅसिटर असतात त्यांतून झिरपून धातूच्या भागांवर साधारण निम्म्या दाबाची, अशक्त पण झिणझिण्या आणणारी वीज उभी राहते. तारांवर बोट ठेवलं की गुणगुण कमी होते, हे ठीक. बोटाला मुंग्या आल्या तर तिथल्या तिथे बंद, असं त्यानं दोनदा बजावलं. ही भीती पोकळ नाही. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरात गिटार वाजवताना सदोष अर्थिंगमुळे गेला. त्याआधी १९७२ मध्ये स्वान्सीच्या कार्यक्रमात लेस्ली हार्वेनं अर्थ नसलेल्या माइकला हात लावला आणि तो मंचावरच कोसळला. मी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थची वायर ओढून घेतली, आरसीसीबी बसवला. टोनसाठी केलेल्या खर्चात हाच एक खर्च मला कधी जाचला नाही.

राहिलेली घुर्र पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. सरकत फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा मध्येच तोडतो आणि सिंगल कॉइल पिकअप ते इमानेइतबारे ऐकतो. पायऱ्यापायऱ्यांनी टकटक फिरणारा, कपॅसिटरचा रेग्युलेटर आणला, घुर्र गेली. आणि शेवटची ५० हर्ट्झची बारीक 'हूं' गिटार फिरवून जाते. पिकअपची कॉइल एरियलसारखी असते; एका दिशेला ती जवळजवळ आंधळी होते. आमच्या खोलीत ती दिशा ईशान्य. मी रोज ईशान्येकडे तोंड करून बसू लागल्यावर आईला वाटलं, पोरगा वास्तुशास्त्राच्या नादी लागला.

गिटारवर करण्यासारखं त्यामानानं थोडं, आणि फुकटातलं. पिकअप अर्धा फेरा खाली घेतला, चुंबकाची तारेवरची ओढ सुटली आणि सूर मोकळा झाला. सहा मीटरची केबल काढून तीन मीटरची लावली. केबलचा कपॅसिटन्स वरचे सूर खातो आणि निम्म्या लांबीत तो निम्मा होतो. गिटारचा व्हॉल्यूम सातवर ठेवून वाजवायची सवय लावली, दहा गरजेपुरता. ही सवय लागायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

*

सप्टेंबरात आईनं तानपुऱ्याची गवसणी काढली. बारा-पंधरा वर्षांनी. तू करतोस एवढा खटाटोप, तर माझंही बघू, म्हणाली. तारा गंजलेल्या, आणि नव्या लावल्यावरही आवाज मेलेला. जवारी गेली होती. म्हणून मिरजेला.

मिरजेत दीड शतकाहून जास्त काळ तंतुवाद्यं घडतात. मुळात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची ही घराणी. तलवारी गेल्या आणि हात सतारीकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आम्ही गेलो त्या कारागिरानं तानपुरा मांडीवर आडवा घेतला, घोडीवरून बोट फिरवलं आणि आईला विचारलं, "पट्टी कुठली तुमची?"

"पांढरी सहा."

"आणि गाता कुठं? हॉलमध्ये, की घरी?"

मी जागेवर ताठ झालो. चार महिने मी त्या खोक्याशी झटत होतो. हा एक प्रश्न आधी कोणी विचारला असता, तर दिवाण, स्टूल, मोजपट्टी हे सगळं पहिल्याच आठवड्यात आटोपलं असतं. तपकीर गल्लीतल्या माणसानं तो अर्धा विचारला होता.

तो कानस फिरवी, तार छेडी, ऐके, परत दोन हात कानस. घोडीचा माथा सपाट दिसतो पण नसतो. त्याला न दिसणारा बाक असतो आणि तार त्या बाकाला घासत कापत जाते, त्यातून वरच्या सुरांची झळाळी सुटते. जास्त घासली की जवारी खुली, झगझगीत, किंचित कर्कश. कमी घासली की बंद, गोल आणि गरीब. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून उरलासुरला बारकावा. "खुली ठेवू का?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "नको, आता घरातच बसायचंय. थोडी बंदच असू दे." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "याच्या डब्याची फार खुली होती, आता बरी झालीय."

मॉडेलिंग अ‍ॅम्पच्या गेनची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

दसऱ्याला सकाळी आईनं तानपुरा लावला. हॉलमध्ये नाही, माझ्या खोलीत. दिवाणावरही नाही, उशी घेतली आणि जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून बसली, थेट खोक्याच्या जुन्या जागेवर. जोड लावली, पंचम लावला, आणि खर्जाची तार छेडली तशी खोली भरली. 'भुंम्' नव्हे, तसंच काही, पण गोल, पाठीत शिरणारं. तावदानातला कागद निसटून खाली पडला.

पांढरी सहा म्हणजे २२० हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्म्यावर, ११०.

"या खोलीत खर्ज नेहमीच छान बोलायचा," डोळे न उघडता आई म्हणाली. "म्हणून तर मी रियाजाला इथं बसायचे. याच भिंतीशी. तू शाळेत होतास तेव्हा."

मी इक्वलायझरवर मारलेल्या खोचेबद्दल तिला काही सांगितलं नाही. तिनं एक डोळा उघडला. "आणि ते स्टूल जरा मागं घे रे, माझ्या पुढ्यात आलंय." मागं म्हणजे भिंतीशी. ते तिथून हलवून अडीच फुटांवर आणायला मला दोन महिने लागले होते. सध्या तानपुरा सकाळी, गिटार संध्याकाळी, आणि स्टूल दिवसातून दोनदा इकडून तिकडे होतं.